सँड डॉलर चालतो कशावर, आणि त्याच्या अंगात पाणी फिरवते कोण?

मे महिन्याची सुट्टी संपली की कोकणातून आणलेल्या शंख-शिंपल्यांबद्दल प्रश्न येऊ लागतात. या वेळी त्यांतले बरेचसे एकाच प्राण्याबद्दल आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे.

प्रश्न : दापोलीजवळच्या किनाऱ्यावर एक पांढरी, बिस्किटाएवढी चपटी चकती सापडली. वर पाच पाकळ्यांचे फूल कोरल्यासारखे दिसते आणि हलवली की आत काहीतरी खुळखुळते. हा शिंपला आहे का? पाकळ्यांच्या कडेने सुईने टोचल्यासारखी छिद्रे आहेत, ती कशाची? (एक वाचक, कोथरूड)

शिंपला नाही. हा सँड डॉलर नावाच्या प्राण्याचा सांगाडा आहे. तारामासा, सी-अर्चिन, समुद्रकाकडी यांच्याबरोबर तो कंटकचर्मी संघात येतो आणि सी-अर्चिनचा तर अगदी जवळचा नातलग आहे. शिंपला प्राण्याच्या अंगाबाहेर असतो. सँड डॉलरचे कवच मात्र पातळ त्वचेखाली असते. जिवंतपणी त्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या काट्यांची दाट लव असते आणि रंग तपकिरी, जांभळट किंवा राखाडी असतो. प्राणी मेला की त्वचा कुजते, काटे गळतात, उन्हाने कवच पांढरे पडते, आणि आपल्या हाती येते ते हेच.

हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आढळणाऱ्या एका जातीत मागच्या कडेला दोन उघड्या खाचा असतात. जुन्या पुस्तकांत तिचे नाव एकायनोडिस्कस ऑरिटस असे आहे, नव्या वर्गीकरणात प्रजाती बदलून स्कल्पसिटेकायनस झाली आहे. त्याच जागी खाचांऐवजी दोन बंद, लांबट भोके असतील तर ती एकायनोडिस्कस बिस्परफोरेटस. भोकही नाही, खाचही नाही आणि चकती पातळ, गोल असेल तर अरॅक्नॉइडिस प्लॅसेंटा असण्याची शक्यता पाहावी.

खुळखुळते ते जबड्याचे तुकडे. खालच्या बाजूला मधोमध तोंड असते आणि त्याच्या आत पाच भागांचा जबडा. त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात. जोडणाऱ्या ऊती कुजल्या की हे भाग सुटे होतात. कवच फुटलेच तर आतून पाच चिमुकले, पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे तुकडे निघतात.

आता छिद्रे. 10 पट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि कवचाखाली मोबाईलचा टॉर्च लावा. पाकळीच्या दोन्ही कडांना छिद्रे एकेकटी नाहीत, जोडीने आहेत, असे दिसेल. आतले छिद्र गोलसर, बाहेरचे लांबट, आणि पुष्कळदा दोघांना जोडणारी बारीक खाच. ही जोडी म्हणजे एका नलिकापादाची, म्हणजे आत द्रव असलेल्या नळीसारख्या बारीक पायाची जागा, एका छिद्रातून द्रव बाहेर जातो आणि दुसऱ्यातून परत येतो. पाकळ्यांबाहेर, विशेषतः खालच्या बाजूला, याहून कितीतरी बारीक छिद्रे विखुरलेली असतात. तिथे मात्र एका पादाला एकच छिद्र. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात तो लागणार आहे.

पाकळ्या जिथे एकत्र येतात त्या मध्यभागी चाळणीसारखी छोटी पट्टिका दिसते, ती मॅड्रेपोराइट. तिच्याभोवतीची चार किंवा पाच ठळक छिद्रे प्रजननाची, त्यांतून अंडी किंवा शुक्राणू थेट समुद्रात सोडले जातात.

प्रश्न : दहावीच्या विज्ञानात कंटकचर्मी प्राणी नलिकापादांच्या साहाय्याने प्रचलन करतात, असे आम्ही शिकवतो. सँड डॉलरच्या चित्रफितीत तो वाळूवर सरकताना दिसतो, पण पाय कुठेच दिसत नाहीत. मुलांनी विचारले, तर काय सांगावे? (शिक्षिका, सदाशिव पेठ)

मुलांची शंका रास्त आहे. पुस्तकातले विधान पूर्ण संघाबद्दल आहे आणि तारामाशाला ते नेमके लागू पडते. सँड डॉलर मात्र मुख्यतः काट्यांवर चालतो. त्याचे नलिकापाद बहुतांशी श्वसन आणि अन्न गोळा करणे, या कामांना लागलेले आहेत.

कवचावर हात फिरवला तर बारीक गुळ्या लागतात. प्रत्येक गुळीवर एक काटा बसलेला असतो. काट्याच्या बुडाला वाटीसारखा खळगा आणि कवचावर गुळी, म्हणजे आपल्या खांद्याच्या सांध्यासारखीच रचना. सांध्याभोवती स्नायूंचे कडे असते, त्यामुळे काटा कोणत्याही दिशेला कलवता येतो. स्नायूंच्या आत कोलॅजेन तंतूंचे आणखी एक कडे असते. त्याचा गुण विलक्षण आहे : चेतासंस्थेच्या इशाऱ्यावर ते क्षणात ताठ होते आणि पुन्हा सैल पडते. काटा एका जागी रोखून धरायला मग स्नायूंना राबत राहावे लागत नाही.

चालताना खालच्या बाजूचे काटे वाळूत रुतून मागे रेटा देतात, मग उचलून पुढे येतात. सगळे एकदम नाही. शेजारचा काटा किंचित उशिरा हलतो, त्याच्या शेजारचा आणखी किंचित उशिरा. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की लाट पळताना दिसते, तशी लाट काट्यांवरून पळते. कोणत्याही क्षणी काही काटे टेकलेले असतातच, म्हणून चाल धक्क्याधक्क्यांची न होता सरकल्यासारखी दिसते. वेग मिनिटाला सेंटिमीटरांत मोजावा इतका कमी.

वाळूत शिरताना पुढची कड थोडी खाली झुकते, समोर वाळूचा छोटा ढीग होतो आणि प्राणी त्याखाली सरकत जातो. वरचे काटे वेगळ्या घडणीचे आहेत. त्यांची टोके गदेसारखी फुगीर असतात आणि एकमेकांना जवळजवळ चिकटून छप्पर तयार करतात. वाळू छपरावर राहते, खाली त्वचेलगत पाण्याचा पातळ थर मोकळा उरतो. हे छप्पर नसते तर पुरलेला सँड डॉलर गुदमरला असता, कारण श्वसनाचे नलिकापाद वरच्याच बाजूला आहेत.

वर्गात आणखी एक गोष्ट जरूर सांगा. गोल सी-अर्चिनला पुढे-मागे नसते, तो कोणत्याही दिशेने चालू लागतो. सँड डॉलरला ठरलेली पुढची बाजू आहे. पाचाची सममिती कायम ठेवून त्यावर डाव्या-उजव्याची सममिती चढलेली आहे : गुदद्वार वरच्या मध्यावरून सरकून मागच्या बाजूला, कडेजवळ किंवा खाली गेले आहे. पुढे जाणाऱ्या प्राण्याची विष्ठा मागे पडते, वरच्या पाकळ्यांवर साचत नाही.

बिघडते कुठे? उलटा पडल्यावर. मऊ वाळूत काही जाती कड रोवून, हळूहळू उभ्या होऊन पलटी मारतात. कठीण, गुळगुळीत तळावर कड रोवायला जागाच नसते आणि प्राणी तसाच अडकतो. प्रयोगशाळेत काचेच्या ट्रेमध्ये तो "चालत नाही" असे वाटते तेव्हा बहुधा खाली वाळू घातलेली नसते.

प्रश्न : सँड डॉलरला हृदय नाही असे वाचले. मग त्याच्या अंगात द्रव फिरतो कसा? वरची चाळणी पाणी ओढून घेते आणि त्या दाबाने पाय बाहेर येतात, हे खरे का? (एक वाचक, औंध)

पहिला भाग खरा, दुसरा नाही. हा गैरसमज इतका रुजला आहे की जरा सविस्तर लिहितो.

कवचाच्या आत दोन मोठे जलसाठे आहेत. एक देहगुहेतला द्रव : आतडे, जबडा, जननग्रंथी त्यातच बुडालेले असतात. दुसरा जलसंवहनी तंत्रातला, जो स्वतंत्र नळ्यांमध्ये असतो. याशिवाय आतड्याभोवती पोषकद्रव्ये नेणारे एक अंधुकसे जाळे आहे, पण हृदय म्हणावे असा ठोके देणारा अवयव कुठेच नाही.

देहगुहेतला द्रव हलवतात त्या पक्ष्माभिका, म्हणजे अस्तरावरचे सूक्ष्म केस. प्रत्येकीची ताकद नगण्य, पण सगळे अस्तरच त्यांनी भरलेले आहे, त्यामुळे द्रव सतत संथ फिरत राहतो. एवढे पुरते, कारण शरीर चपटे आहे, कोणताही भाग पाण्यापासून फार दूर नाही आणि प्राण्याचे जगणेच सावकाश आहे. या द्रवात हिमोग्लोबिनसारखे ऑक्सिजन धरणारे रंगद्रव्यही नाही. काही पेशींत एकायनोक्रोम नावाचे लाल रंगद्रव्य असते, पण त्याचे काम जंतूंपासून बचावाचे.

आता नळ्या. मॅड्रेपोराइटपासून एक नळी खाली उतरते, तिला अश्मनलिका म्हणतात. ती जबड्याभोवतीच्या वलयनलिकेला मिळते. वलयातून पाच अरीय नलिका निघतात आणि कवचाच्या आतल्या अंगाने पसरतात. त्यांना असंख्य बारीक फाटे, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एक जोडी : कवचाच्या आत छोटी पिशवी, बाहेर नलिकापाद.

पाद लांब होतो तो या पिशवीमुळे. पिशवीच्या भिंतीतले स्नायू आवळले की आतला द्रव पादात शिरतो. पादाच्या भिंतीत कोलॅजेनचे तंतू असल्याने तो फुग्यासारखा जाड होत नाही, लांबच होतो. फाट्यावर झडप असते, ती द्रवाला मुख्य नलिकेत परतू देत नाही. आखूड होताना उलटे : पादातले उभे स्नायू आवळतात आणि द्रव पिशवीत परत ढकलला जातो. स्नायूला फक्त आवळता येते, स्वतःहून लांब होता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांना स्नायू आणि मध्ये पाणी, अशी ही मांडणी आहे. प्रत्येक पाद स्वतःच्या पिशवीवर चालतो, शेजाऱ्याचा दाब त्याला लागत नाही आणि चाळणीचा तर नाहीच. चाळणी, अश्मनलिका आणि मोठ्या नळ्यांचे काम गळती भरून काढण्याचे. इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि प्रत्येक घरातली बादली यांतला फरक लक्षात घेतला की हे चटकन कळते.

पाकळ्यांमधले पाद मात्र निराळे. ते पानासारखे पसरट असून त्यांचे काम श्वसनाचे. इथे ती छिद्रांची जोडी उपयोगाला येते. पक्ष्माभिका द्रवाला एका छिद्रातून पादात चढवतात, पादातून फिरवतात आणि दुसऱ्या छिद्रातून पिशवीत उतरवतात. पादात तो समुद्रातून ऑक्सिजन घेतो, पिशवीत देहगुहेच्या द्रवाला देतो. बाहेरचे समुद्राचे पाणी त्वचेवरच्या पक्ष्माभिका उलट दिशेने वाहवतात. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले असते तर दोन्हींकडची ऑक्सिजनची पातळी मध्यावर सारखी होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट दिशेने गेल्यामुळे सगळ्या लांबीवर बाहेर थोडा जास्त, आत थोडा कमी, असा फरक टिकून राहतो. माशाच्या कल्ल्यांतही हीच युक्ती आहे.

या द्रवाची घटना समुद्राच्या पाण्यासारखीच असते, पोटॅशियम तेवढे किंचित जास्त. क्षार राखायला मूत्रपिंडासारखी यंत्रणा नाही. गोड्या पाण्यात टाकल्यास पाणी आत शिरत जाते, पेशी फुगतात आणि प्राणी मरतो. किनाऱ्यावरून उचललेला जिवंत सँड डॉलर "स्वच्छ करायला" नळाखाली धरू नये, तो यासाठी.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी नलिकापादाचे चालते मॉडेल करायचे आहे. फुगा आणि सिरिंज वापरून पाहिले, पण फुगा लांब न होता एका जागी गोळ्यासारखा फुगतो. (आठवीतला विद्यार्थी, हडपसर)

तुझे मॉडेल चुकलेले नाही, त्यात कोलॅजेन, म्हणजे पादाला जाड होऊ न देणारे तंतू, राहून गेले आहे एवढेच. इथे ते काम दोरा करेल. साहित्य असे : 10 मिलीची एक आणि 20 मिलीची एक सिरिंज (सुई नको), मत्स्यालयाची 4 मिलिमीटर पोकळीची हवेची नळी अंदाजे अर्धा मीटर, टी-जोड एक, त्याच दुकानात मिळणारा छोटा प्लास्टिकचा कॉक एक, कुत्रा-हरीण बनवायचे लांबट फुगे तीन-चार, जाड शिवणदोरा, खाण्याचा रंग.

फुग्याचा बंद टोकाकडचा 8 सेंटिमीटर भाग कापून घे. उघडे टोक नळीवर दीड सेंटिमीटर चढव आणि दोऱ्याने घट्ट बांध. आता फुगा रिकामा असतानाच त्याच्यावर दोरा स्प्रिंगसारखा गुंडाळ. दोन वेढ्यांत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर मधूनच रबर बाहेर येते. दोरा फुग्याला टेकलेला हवा, आवळलेला नको. दोन्ही टोकांना गाठ मारून पंक्चरच्या सोल्यूशनचा एकेक थेंब लाव, म्हणजे वेढे घसरणार नाहीत. उभे दोरे लावू नकोस, ते लांब होणेच अडवतात.

टी-जोडाच्या एका तोंडाला फुगा, दुसऱ्याला 10 मिलीची सिरिंज (ही पिशवी), तिसऱ्याला आधी कॉक आणि मग 20 मिलीची सिरिंज (ही मुख्य नलिका). सगळी जोडणी रंगीत पाण्याच्या बादलीत बुडवून कर. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दट्ट्या दाबल्यावर हवाच दबते आणि पाय मरगळतो. दहापैकी नऊ मॉडेल इथेच फसतात.

कॉक उघडून दोन्ही सिरिंजमध्ये निम्मे पाणी ठेव. मग कॉक बंद करून छोटी सिरिंज सावकाश दाब, पाद लांब होईल. आता कॉक उघडा ठेवून तसेच दाब. पाद जागचा हलणार नाही, मोठ्या सिरिंजचा दट्ट्या मागे सरकेल. झडप नसती तर काय झाले असते, ते परीक्षकांना बोलून दाखवायची गरज पडणार नाही. दट्ट्या सोडल्यावर पाद आखूड होतो तो रबराच्या ताणाने. खऱ्या प्राण्यात ते काम स्नायू करतात, ही ओळ फलकावर नक्की लिही.

दोन सुटे फुगे शेजारी ठेव, एक बिनदोऱ्याचा आणि एक उभ्या दोऱ्यांचा. तुझा फसलेला प्रयोग प्रदर्शनातला सगळ्यात चांगला पुरावा ठरेल.

प्रश्न : काही सँड डॉलरच्या कवचात आरपार भोके असतात. त्यांतून वाळू गाळून अन्न घेतात का? आणि काही जाती वाळूत उभ्या राहतात, हे खरे का? (एक वाचक, बिबवेवाडी)

गाळण्याची कल्पना बरीच वर्षे प्रचलित होती : वरच्या काट्यांच्या छपरातून बारीक कण खाली गळतात आणि तेच अन्न. टेलफर्ड, मूई आणि एलर्स या संशोधकांनी 1985 साली मेलिटा या सँड डॉलरच्या प्रजातीवरच्या कामातून तिला आव्हान दिले. खालच्या बाजूचे बारीक नलिकापाद वाळूचे कण थेट उचलतात, एका पादाकडून दुसऱ्याकडे देत अन्नखाचांपर्यंत आणतात आणि तिथून ते तोंडाकडे जातात. जबडा कण चुरडतो, त्यांवरची डायटम शैवाले पचतात, उरलेली वाळू बाहेर पडते. हजारो पायांचे खरे काम हे.

भोकांचा संबंध लाटांशी लावला जातो. वरून फुगीर, खालून सपाट अशा चकतीवरून पाणी वेगाने गेले की ती वर उचलली जाते. आरपार भोकांमुळे खालचे पाणी वर निसटते आणि हा उचल देणारा दाब कमी होतो. आम्हाला हे स्पष्टीकरण पटते, कारण भोकांच्या, खाचांच्या जाती लाटांच्या उथळ वाळूत नांदतात.

उभे राहणेही खरे आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची डेन्ड्रास्टर एक्सेंट्रिकस ही जात संथ प्रवाहात पुढची कड वाळूत रोवून उभी राहते आणि वाहत आलेले कण पकडते. प्रवाह वाढला की आडवी होते. तिची पिल्ले जड, लोहयुक्त वाळूचे कण गिळून पोटात साठवतात, त्या वजनाने ती वाहून जात नाहीत.

प्रश्न : पिंपळे सौदागरच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यात सँड डॉलर ठेवता येईल का?

ठेवू नका. पाण्याची क्षारता लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास राखणे जमेलही, पण अन्न जमत नाही. त्याला खोल, बारीक आणि डायटमांनी सतत नवी होत राहणारी वाळू हवी. घरच्या टाकीतली वाळू तो लवकरच चाटूनपुसून संपवतो आणि मग उपासमार सुरू होते. काटे झडायला लागलेले दिसतात तोवर उशीर झालेला असतो.

प्रश्न : सापडलेले कवच टिकवायचे कसे? आणि तो जिवंत आहे का मेलेला, हे किनाऱ्यावर कसे ओळखावे? (एक वाचक, कर्वेनगर)

आधी दुसरे. काट्यांची लव असेल आणि रंग गडद असेल तर जिवंत समजूनच वागा. ओल्या तळहातावर उताणा धरून अर्धा मिनिट खालची बाजू पाहा, काटे हळूच हलताना दिसतात. हाताला पिवळसर डाग पडला तर घाबरू नका, तो रंगद्रव्याचा असतो आणि अपाय करत नाही. मग ओहोटीच्या पाण्याच्या रेषेखाली, ओल्या वाळूवर, तोंड खाली करून आडवा ठेवा. भिरकावू नका, उलटा पडला तर काय होते ते वर आलेच आहे.

पांढरे, बिनकाट्यांचे कवच असेल तर साध्या पाण्यात भिजत घाला आणि वास जाईपर्यंत पाणी बदलत राहा. डाग उरले तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, 5 ते 10 मिनिटे. जास्त वेळ ठेवले की कवच भुसभुशीत होते. भरपूर पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून मऊ ब्रशने दोन्ही बाजूंना पातळ हात द्या, पण पाकळ्यांवरची छिद्रे बुजू देऊ नका. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड लावू नका. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे आहे, आम्ल लागले की फेस येतो आणि आधी नाहीशी होते ती ही छिद्रांची नक्षी.